सोवळ्यातील मेतकूट

कल्याण, १४ नोव्हेंबर १८८६

आजपासून रोजनिशी ठेवणार. ठाण्याच्या कचेरीत नऊ वर्षे दुसऱ्यांचे जबाब लिहिले, आता स्वतःचा लिहून पाहू. कचेरीत छाटणी झाली, चार कारकून कमी केले, त्यांत पहिला मी. साहेबाने कारण दिले नाही. हेडक्लार्काने दिले. म्हणाला, "त्र्यंबकराव, तुमचं अक्षर फार सुंदर, पण काम फार सावकाश." नऊ वर्षे त्या अक्षराची वाहवा करणारा हाच गृहस्थ.

पारनाक्यावरचे घर वडिलांनी ठेवलेले आहे, म्हणून डोक्यावर छप्पर तरी आहे. घरात मी, सौ. जया आणि माझी वडील बहीण मंदाकिनी. तिला मी अक्का म्हणतो. अक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली, त्याला पंधरा वर्षे झाली. तिचे केशवपन करावे असा पेणहून सासरच्यांचा निरोप आला होता. न्हावी दारात येऊन उभा राहिला. वडील शाळामास्तर, स्वभावाने मऊ, पण त्या दिवशी उंबऱ्यात आडवे झाले. "माझ्या मुलीच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही," एवढेच म्हणाले. सासरचे दार कायमचे बंद झाले, आणि वर्षभर आमच्या घरचे पाणी कुणी प्याले नाही. वडील बधले नाहीत.

पुढे वडिलांची दृष्टी गेली, शाळा सुटली. तेव्हा अक्का मेतकूट करून विकू लागली आणि तिनेच घर चालवले. माझी शाळेची फीसुद्धा त्यातूनच गेली. हे ती कधी बोलत नाही, शेजारी मात्र बोलून दाखवतात.

वडील दोन वर्षांमागे गेले. आता माझ्या पगाराचा आधारही गेला. मेतकूट उत्तम आहे, पण विकते ते गल्लीत. तेही रोजच्या भातावर. श्राद्धाला, व्रताला सकेशा, म्हणजे केस राखलेल्या विधवेच्या हातचे कुणी घेत नाही. मी ठरवले आहे की हा धंदा वर्षभरात नावारूपाला आणायचा. "भानूंचा त्र्यंबक हल्ली काय करतो?" असे कुणी विचारले तर काहीतरी उत्तर असले पाहिजे.

२१ नोव्हेंबर

आज अक्काची कृती टिपून घेतली. ती भाजायला बसते ती सकाळी, तोंडात पाण्याखेरीज काही न घालता. का, म्हणून विचारले, तर म्हणाली, "पोट भरलं की नाक झोपतं." हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, गहू, प्रत्येक वेगळे भाजायचे. मेथी शेवटी, नुसती दाखवल्यासारखी. मग हिंग, सुंठ, हळद, आणि सगळे जात्यावर. वजन नाही, घड्याळ नाही. डाळ कढईत टाकून ती चक्क मागच्या दारात जाऊन उभी राहते. वास तिथवर पोचला की येऊन कढई उतरवते.

असल्या कारभारावर धंदा चालत नाही. मी तराजू घेऊन बसलो आणि ती जे टाकील ते आधी तोलून लिहिले. तिला हसू आले. "डाळ नवी की जुनी, ते नाही लिहिलंस?" म्हणाली. मी म्हटले, डाळ ती डाळ. सुवाच्य अक्षरात कृती उतरवून संदुकीत ठेवली. धंद्याचा जीव आता कुलपात आहे.

२ डिसेंबर

शिळाप्रेसवर चिठ्ठ्या छापून आणल्या. "भानू आणि मंडळी, कल्याण. शुद्ध मेतकूट." सौ.ने विचारले, मंडळी कोण? तिला सांगितले की व्यापारात तसे लिहायची रीत आहे.

हिंगावर खर्च फार होतो असे दिसल्यावरून बाजारातून निम्म्या भावाचा आणला. अक्काने डबी उघडली, हुंगली, आणि मागच्या गटारात ओतली. मी संतापलो. मालक कोण आहे इथे, असे शब्द तोंडून गेले. अक्का म्हणाली, "तू आहेस रे. पण लोक माझ्याकडून घेतात." बोलण्यात राग नव्हता, म्हणून अधिकच झोंबले.

९ डिसेंबर

काय करून बसलो! घडले तसे लिहून ठेवतो.

गिरगावातले परशुरामपंत भाताच्या खरेदीला कल्याणात आले होते. त्यांचे किराणा मालाचे मोठे दुकान आहे. नऊ ब्राह्मणी खाणावळी त्यांच्याकडून माल उचलतात. ओळख काढून मी त्यांना जेवायला बोलावले. ऊन भात, तूप, मेतकूट. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले ते तीन घास होईपर्यंत उघडले नाहीत. दर महिना दोन मण माल घेतो म्हणाले. मी त्यांच्या पानात आणखी तूप वाढले.

मग हात धुताना विचारले, "करणाऱ्या बाई कोण?"

"माझी वडील बहीण. विधवा आहे."

"वपन झालेलं आहे ना? रागावू नका, पण आमचा माल श्राद्धापक्षाला जातो. सकेशा बाईच्या हातचं विकलं असं कळलं तर खाणावळवाले उद्या माझ्या पायरीवर पाय ठेवायचे नाहीत."

"हो, अर्थातच," मी म्हणालो.

हे शब्द कसे आले, मला खरोखर सांगता येत नाही. अक्का आतल्या खोलीत होती, म्हणून त्यांनी तिला पाहिले नव्हते. ते समाधानाने मान हलवत स्टेशनाकडे गेले आणि मी त्यांची छत्री धरून बरोबर गेलो.

१० डिसेंबर

दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या वाचनालयात केशवपनाविरुद्ध मी भाषण केले होते. टाळ्या पडल्या होत्या. आज ते आठवून दिवसभर अन्न गोड लागले नाही. पण भाषण वेगळे आणि पोट वेगळे. शिवाय परशुरामपंत कल्याणात पुन्हा कशाला येतात? डबे रेल्वेने जातील, पैसे टपालाने येतील. अक्काला काही सांगायची गरज नाही.

३ जानेवारी १८८७

गरज पडली. परशुरामपंतांचे पत्र आले. पहिला माल उत्तम खपला, आता महिना चार मण हवा. आणि खाली लिहिले आहे, "आमच्या घरातून माघात कल्याणास येऊन सोवळ्याची व्यवस्था स्वतः पाहून जाणार आहेत. त्या समाधान पावल्या की आपण कायमचा कागद करू."

पत्र सौ.ला वाचून दाखवले आणि मागची हकिगतही सांगितली. ती तांदूळ निवडत होती.

मी म्हटले, "घराचं भलं कशात आहे, ते बघायला हवं. अक्का चौतिशीची झाली. आता केस असले काय नि नसले काय."

ती म्हणाली, "एक विचारू? उद्या मी तशी झाले, तर माझ्या हातच्या पापडांना भाव वाढून येईल का?"

असले अभद्र बोलणे मी या घरात कधी ऐकले नव्हते. मी हात उगारला. मारला नाही, हे इथे लिहून ठेवतो. ती सूप घेऊन उठून गेली.

५ जानेवारी

अक्काशी बोललो. काय बोलायचे ते कागदावर मुद्दे काढून ठेवले होते. धंद्याची भरभराट, वडिलांचे नाव, उतारवयाची सोय, लोकांत मान. ती कढईपुढे बसली होती. पहिला मुद्दा संपायच्या आत तिने विचारले, "परशुरामपंतांना काय सांगितलंस?"

"झालं आहे, असं."

"म्हणजे खोटं तू बोललास आणि ते खरं मी करायचं."

"अक्का, तसं नव्हे गं. अगं, जगात कितीतरी बायका..."

"बाबांना काय सांगशील?"

मी म्हणालो, बाबा आता नाहीत. आणि असते तरी नोकरी गेल्यावर त्यांनी काय खाल्ले असते? हे मला बोलायचे नव्हते. अक्काने झारा खाली ठेवला. मला वाटले, आता रडेल. रडली असती तर मी माघार घेतली असती, असे मला अजूनही वाटते. ती म्हणाली, "बाजूला हो, डाळ लागेल."

७ जानेवारी

अक्का आपण होऊन बोलायला आली. मला फार बरे वाटले. तिने एकच विचारले. "हे झालं की मला कुठेही सोवळ्यात स्वयंपाक करता येईल ना? कुणाच्याही घरी?"

मी म्हणालो, "कुठेही! शंकराचार्यांच्या मठातसुद्धा कुणी हरकत घेणार नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"मग गुणाजीला निरोप दे," ती म्हणाली. "संक्रांतीच्या आत होऊ दे."

किती समजूतदार आहे माझी बहीण! उगाच भीत होतो. तिला घराची काळजी आहे, हे आज पटले. बाजारातून तिला वपनानंतर नेसायला उत्तम पोताचे आलवण आणले, जाडेभरडे नव्हे. दोन आणले.

१० जानेवारी

झाले. मला सकाळीच डब्यांची पावती घ्यायला स्टेशनावर जावे लागले. परतायला अकरा वाजले. वास्तविक पावती दहा मिनिटांत मिळाली होती.

गुणाजी न्हावी अजून ओसरीवर बसून होता. पंधरा वर्षांपूर्वी वडिलांनी दारातून परत पाठवलेला न्हावी हाच. धोपटी मांडीवर आवळून धरली होती. म्हणाला, "गुरुजींनी तवा घालवून दिलं, तर मी घरी जाऊन देवापुढं नारळ फोडला होता. आज बाईंनीच सांगितलं, 'घाबरू नकोस गुणाजी, नुसती कातडी कापू नकोस म्हणजे झालं.'" मी त्याला ठरल्यापेक्षा जास्त दिले. त्याने जास्तीचे परत केले.

अक्का आत जात्याशी होती. लाल आलवण डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेले. मी हाक मारली, तिने ओ दिली. सौ. अक्काचे केस पदरात बांधून खाडीत सोडायला गेली होती, ती दोन तासांनी आली आणि आल्यावर जेवली नाही.

१३ जानेवारी

कोपरची मालन तांदूळ घेऊन आली. ही आगरी बाई वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे डोक्यावरून माल आणते. अक्काला पाहताच तिने पाटी अंगणात आपटली आणि मोठ्याने रडायला सुरुवात केली. "आगो बाय माजे, ह्यो काय करून घेतलास गो! कोन मेला गो आता?" शेजारचे दारात जमले. मी तिला गप्प राहायला सांगितले.

ती माझ्याकडे वळली. "बामना, तुजा बापूस आंधला व्हता, पन त्याला समदा दिसायचा. तुजे डोले चांगले हायेत, काय उपेग?"

तिचा तांदूळ यापुढे घ्यायचा नाही, असे ठरवले. अक्काने तिला आत नेऊन पाणी दिले, तांदूळ मोजून घेतला आणि पुढच्या आठवड्याचाही सांगितला.

२५ जानेवारी

आज सकाळी गुणाजी पुन्हा दारात. मी म्हटले, का रे? तो गोंधळला. "पंधरा दिवस झाले की, रावसाहेब."

मला खरोखर वाटले होते की हे एकदाच करायचे असते. केस वाढतात, हे काही मला माहीत नव्हते असे नाही. पण ध्यानात आले नव्हते. म्हणजे दर पंधरवड्याला हे होणार. जन्मभर. मी पुन्हा स्टेशनावर गेलो. तिथे आज काहीच काम नव्हते.

९ फेब्रुवारी

परशुरामपंतांच्या पत्नी विमलाबाई येऊन गेल्या. मोठ्या करारी बाई. चूल पाहिली, पाण्याची घागर पाहिली, जाते पाहिले. मग अक्काला म्हणाल्या, "बाई, जरा पदर मागे घ्या बघू." अक्काने घेतला. मी दारात उभा होतो, नजर वळवून तुळशीकडे पाहत राहिलो. विमलाबाई म्हणाल्या, "ठीक आहे."

नंतर जेवायला बसल्यावर बाईंचा सूरच पालटला. दोनदा भात मागून घेतला. पुढे दोन तास त्या आणि अक्का आतल्या खोलीत बोलत होत्या. बायकांना बोलायला विषय लागत नाही. निघताना विमलाबाईंनी मला कृतीची नक्कल मागितली. कागद होण्यापूर्वी माल नक्की काय आहे ते यजमानांना कळले पाहिजे, म्हणाल्या. मी संदुकीतली काढून सुंदर अक्षरात उतरवून दिली.

२६ फेब्रुवारी

महिना चार मणांचे सहा मण झाले. कल्याणातले वैदिकसुद्धा आता श्राद्धाला आमच्याकडून नेतात. ज्यांनी वर्षभर आमच्या घरचे पाणी वर्ज्य केले होते, त्यांतलेच एक आज ओसरीवर बसून चहा पिऊन गेले. "वडिलांचा हट्ट होता, तुम्ही शहाणपण केलंत," म्हणाले. मी हसलो. हसायला नको होते की काय, ते कळत नाही.

चिठ्ठी नवी छापली. "सोवळ्यातील मेतकूट. करणार बाई वपन केलेल्या, श्राद्धपक्षास निःशंक चालते." दरही मीच ठरवला, शेरामागे दोन आणे चढवून. तरी लोक घेतात. तीन महिन्यांत धंदा चौपट केला, हे कचेरीतल्या कुणाला सांगितले तर विश्वास बसणार नाही. अक्काला चिठ्ठी दाखवली. तिने वाचली, आणि परशुरामपंतांचा पत्ता मागितला. डब्यांवर घालायचा असेल.

२३ मार्च

परशुरामपंतांचे पत्र. पाडवा झाला की स्वतः येतात, कागद बरोबर घेऊन. मी हिशेब केला आहे. नाव आणि कृती यांचे बाराशे मागायचे, आठशेवर यायचे, वर नफ्यात चौथा हिस्सा. सौ.ला सांगितले, या पैशांतून तुला हातात सोन्याचे गोठ करू. ती म्हणाली, "मला नकोत." हल्ली ती एवढेच बोलते.

२९ मार्च

काल लिहिण्याची शक्ती नव्हती.

परशुरामपंत आले, पान-सुपारी झाली. मी टाक-दौत पुढे ठेवली. त्यांनी कागद काढला आणि तो माझ्यापुढे न ठेवता दाराशी उभ्या असलेल्या अक्काकडे सरकवला. "वाचून पाहा, बाई. आपल्या पत्राप्रमाणेच आहे."

मी म्हणालो, "व्यवहार माझ्याशी आहे."

"तुमच्याशी कशाचा, त्र्यंबकराव? नाव म्हणाल, तर गिरगावात माझ्या दुकानाचंच चालतं. कृती म्हणाल, तर तुमच्या कागदावरून आमच्या घरी तीनदा करून पाहिली. गाईपुढे टाकली, गाईने तोंड फिरवलं. राहिल्या त्या बाई. त्या आमच्याकडे येऊन राहताहेत. खोली वेगळी, विक्रीत हिस्सा, पैसा त्यांच्या हातात. त्यांनीच लिहिलं होतं तसं."

मी म्हणालो, ही विश्वासघाताची गोष्ट झाली.

ते जरा नरमाईने म्हणाले, "खरं सांगू? उपकार तुमचेच आहेत. त्यांचं वपन झालं नसतं तर आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांना घेता आलंच नसतं. आमच्याच काय, कुणाच्याही. ह्या घराबाहेर त्यांना जागाच नव्हती. ती तुम्ही करून दिलीत."

अक्काने कागद पूर्ण वाचला, एके ठिकाणी बोट ठेवून दुरुस्ती करायला लावली आणि सही केली. वडिलांनी तिला शिकवलेले तेच वळणदार अक्षर. माझेही तेच आहे.

परशुरामपंत गेल्यावर मी वाटेल ते बोललो. कृतघ्न म्हणालो. भावाच्या तोंडचा घास काढलास म्हणालो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाबांनी मरेपर्यंत जगाशी वैर करून हे डोकं राखलं. म्हणून मी इतकी वर्षं ह्या घरासाठी दळत राहिले, त्यांच्यामागे तुझ्यासाठीही. आता राखण्यासारखं काही उरलं नाही, त्र्यंबक."

मी म्हणालो, "तिथे तुला सुख मिळेल, असं वाटतं?"

"नाही. तिथेही गुणाजीसारखा कुणीतरी दर पंधरा दिवसांनी येणार. ती माणसं मला कामाला नेताहेत, मला ठाऊक आहे. पण त्यांना मी हाताला धरून शाळेत नेलेलं नाही. त्यांनी काही केलं तरी ते मला इतकं लागणार नाही."

हे सगळे तुझ्या भल्यासाठीच केले होते, असे शेवटी म्हणालो.

"तसं तुझ्या वहीत लिहून ठेव," अक्का म्हणाली.

लिहिले आहे.

१ एप्रिल

अक्का गेली. पोचवायला स्टेशनावर मालन आणि सौ. गेल्या होत्या. मी ओसरीवर बसून राहिलो. निघताना वाकून नमस्कार करावा असे मनात आले होते, पण तिने मला तेवढा वेळ दिला नाही. किंवा मीच उठलो नाही. दोन्ही खरे आहे.

१८ एप्रिल

हातपाय गाळून कसे चालेल? कृती माझ्याजवळ आहेच. सौ.ला म्हटले, उपाशीपोटी बस आणि कागदाप्रमाणे भाज. ती म्हणाली, "मला वन्संचं नाक नाही." मग मीच बसलो. डाळ टाकून मागच्या दारात उभा राहिलो. मला कसलाच वास आला नाही आणि आला तेव्हा करपल्याचा होता. तरी दळून डबे भरले. आठ घरांत दिले, सात परत आले. आठव्याने बहुधा भिडेपोटी ठेवून घेतला.

७ मे

ओसरीवर चहा पिऊन गेलेले ते वैदिक परवा रस्त्यात भेटले. म्हणाले, "ताईंना धाडलंत वाटतं मुंबईला? चांगलं केलंत, मोठी ओळख झाली." सगळ्या गावाला वाटते की मीच धाडले. मी तसेच वाटू दिले आहे.

गुणाजी आज आला होता. बाई नाहीत कळल्यावर हात जोडून म्हणाला, "सुटलो."

२० ऑगस्ट

तीन महिन्यांनी वही उघडली. जूनपासून ठाण्यास कचेरीबाहेरच्या वडाखाली अर्ज लिहून देतो. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळी कल्याणास परत. अक्षराची इथे चलती आहे आणि सावकाश लिहिले तरी कुणी तक्रार करत नाही. आत नऊ वर्षे बसलो, आता त्याच दारात बसतो.

वडिलांचे श्राद्ध जवळ आले, म्हणून आज ठाण्याच्या पेठेतल्या वाण्याकडे सामान घ्यायला गेलो. त्याने आपण होऊन एक पुडी पुढे केली. गिरगावातल्या परशुरामपंतांच्या दुकानाची चिठ्ठी होती. खाली बारीक अक्षरात छापलेले, "करणार, कल्याणचे कैलासवासी विनायक मास्तर भानू यांच्या कन्या मंदाकिनीबाई." माझे नाव कुठेही नव्हते. शोधले.

दर विचारला. मी ठरवला होता तोच.

मी पुडी हातात धरून उभा आहे, असे पाहून वाण्याला वाटले की माझ्या मनात शंका आहे. तो पुढे वाकला आणि विश्वासाने म्हणाला, "निःशंक न्या, महाराज. श्राद्धाला चालतं. बाई वपन केलेल्या आहेत."

मी पैसे दिले.

घरी आल्यावर सौ.ने पुडी हुंगली. "वन्संचंच," म्हणाली. मी होय म्हटले. तिने ऊन भात वाढला, तूप वाढले आणि मेतकूट फक्त माझ्या पानात वाढले.